अडगळींतील चेटकीण

सन २०१५ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत मिल्पिटास नांवाच्या गांवीं, जुन्या विद्युत्-सामानाचें भंगार घेणाऱ्या एका वखारीच्या दारांत एक बाई मोटार घेऊन आल्या. त्यांचे पति निवर्तले होते व घराचें गॅरेज रिकामें करावयाचें होतें. सामानानें भरलेलीं कांहीं खोकीं त्यांनीं उतरवून दिलीं, पावतीहि घेतली नाहीं, आणि त्या निघून गेल्या. कांहीं आठवड्यांनीं वखारींतील माणसांनीं खोकीं उघडलीं, तों आंत 'ॲपल-१' हा संगणक निघाला. १९७६ सालीं स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनीं आंखलेले असे सुमारें दोनशेंच संगणक झाले होते. तो एका संग्राहकानें २ लाख डॉलरांस विकत घेतला. निम्मी रक्कम बाईंची, असें समजून वखारवाल्यांनीं वर्तमानपत्रांतून त्यांचा शोध चालविला, आणि ती हकीकत देशोदेशीं छापून आली. वाचणाऱ्यांच्या मनांत भरला तो २ लाखांचा आंकडा. कांहीं आठवडे तें खोकें बंदच्या बंद यंत्राच्या जबड्याजवळ पडून होतें, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षांत राहिली नाहीं.

वस्तु टाकून देण्याचे आपल्या संसारांतले मार्ग ठरलेले होते. जुन्या लुगड्यावर बोहारीण भांडें देई, रद्दी वजनावर जाई, फुटकें घंगाळ तांबट मोडीच्या भावानें घेई. या व्यवहारांत वस्तूचें रूप नाहींसें झालें तरी द्रव्य शिल्लक राही; आणि घंगाळाच्या बाबतींत तेवढें पुरे होतें, कारण त्याच तांब्याचें दुसरें घंगाळ तसेंच घडवितां येतें. संगणकाला हा हिशेब लावला म्हणजे तूट येते. त्याच्या पाट्यांवरील सोन्याचा पातळ मुलामा, तारांचें तांबें, पेटीचें पोलाद, हें सारें पुन्हां बाजारांत येऊं शकतें, आणि यावें हें योग्यच आहे. भारतांतहि अशा मालाच्या विल्हेवाटीचे नियम २०११ सालीं होऊन २०१२ च्या मे महिन्यांत अमलांत आले; उघड्यावर तारा जाळून तांबें काढण्यापेक्षां तो मार्ग कितीतरी बरा. परंतु धातु हातीं आला तरी यंत्र गेलें तें गेलेंच. त्याची मांडणी, त्यांतील जोडणी, करणाऱ्यांच्या डोक्यांत असलेला विचार, यांना मोडीच्या बाजारांत भाव नाहीं.

शिवाय संगणक हा म्हातारा होऊन मरत नाहीं. त्याच्या शेजारीं दुसरा चपळ संगणक येऊन उभा राहिला, कीं कालपर्यंत चांगलें काम देणारा हा एका दिवसांत अडगळ ठरतो. केंब्रिज विद्यापीठाच्या 'एड्सॅक' यंत्राची गोष्ट पाहण्यासारखी आहे. मॉरिस विल्क्स आणि त्यांचे सहकारी यांनीं सुमारें तीन हजार व्हॉल्व्ह जुळवून तें तयार केलें, आणि ६ मे १९४९ रोजीं त्यानें पहिलें गणित सोडविलें. पुढें नऊ वर्षें विद्यापीठांतील संशोधकांची आंकडेमोड त्यानें वाहिली. नंतर त्याचा उत्तराधिकारी आला, जागा हवी झाली, आणि ११ जुलै १९५८ रोजीं तें कायमचें बंद करून मोडून टाकण्यांत आलें. जागेपुढें विद्वत्तेचें कांहीं चालत नाहीं, हें मुंबईंतील बिऱ्हाडकरूंना समजावून सांगावयास नको. पन्नासएक वर्षांनंतर, २०११ सालीं, त्याच यंत्राची प्रतिकृति उभारण्याचें इंग्लंडांत ठरलें. तेव्हां करणारांच्या हातीं कांहीं छायाचित्रें, कांहीं लेख आणि उरलेसुरले तुकडे यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. २०१४ सालीं एड्सॅकचे १९ मूळ आराखडे एका जुन्या कर्मचाऱ्याकडून मिळाले, आणि नंतर यंत्राचा एक सांगाडा अटलांटिकपार अमेरिकेंत, पेन्सिल्व्हेनियांत सांपडला. तिकडे एड्सॅकचा अस्थिशेष सांपडला, याचा केवढा आनंद इकडे झाला! ज्या वस्तूचा ढीग एका दिवसांत निकालांत काढला, तिच्या एका तुकड्यासाठीं पुढच्या पिढीला महासागर ओलांडावा लागला.

ज्या काळांत एड्सॅक मोडलें गेलें, त्याच काळांत त्याच देशांत दुसरें एक यंत्र मोडींतून वांचलें. तें एड्सॅकहून कितीतरी मंद होतें. आणि त्याचें सारें पुढील आयुष्य पाहिलें म्हणजे असें वाटतें, कीं तें वांचलें तें या मंदपणासकट नव्हे, तर या मंदपणामुळेंच.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डच्या दक्षिणेस हार्वेल येथें ब्रिटिश सरकारचें अणुशक्ति-संशोधन केंद्र स्थापन झालें. तेथील आंकडेमोड टेबलावरच्या गणितयंत्रांसमोर बसून तरुण मंडळी करीत असत. इंग्रजींत 'कंप्यूटर' हा शब्द तोंवर मुख्यतः अशा माणसालाच लावीत. काम नीरस, चूक होण्याचा संभव पावलोपावलीं, आणि हुशार माणसांचा वेळ त्यांत फुकट जाई. १९४९ सालीं टेड कुक-यारबरो, डिक बार्न्स व गर्नी थॉमस या तिघांनीं हें ओझें उचलणारें यंत्र आंखावयास घेतलें. वेगाचा हव्यास त्यांनीं धरला नाहीं. माणसें घरीं गेल्यावरहि एकट्यानें, न चुकतां, न थांबतां काम करीत राहील असें यंत्र त्यांना हवें होतें. म्हणून टेलिफोनच्या केंद्रांत वर्षानुवर्षें कसोटीस उतरलेले ४८० रिले त्यांनीं वापरले. आणि अंक सांठविण्यासाठीं 'डेकॅट्रॉन' नांवाच्या ८२८ नळ्या बसविल्या.

हा डेकॅट्रॉन मोठा गमतीचा आहे. नांवांतील 'डेका' म्हणजे ग्रीक भाषेंतील दहा, आपल्या 'दश' शब्दाचा सख्खा भाऊ. कांचेच्या नळींत विरळ वायु भरलेला असतो, मध्यभागीं एक धातूची चकती आणि तिच्या भोंवतीं बारीक सळ्यांचें कडें. विजेचा एकेक धक्का मिळाला, कीं सळीच्या टोकावरील प्रकाशाचा ठिपका एक घर पुढें सरकतो. दहा घरें म्हणजे शून्यापासून नऊपर्यंतचे दहा अंक. नळीच्या डोक्याकडे पाहिलें म्हणजे तिच्या मनांत कोणता अंक आहे तो सरळ डोळ्यांना दिसतो. पुढील संगणकांनीं शून्य आणि एक या दोनच अंकांची भाषा पत्करली व आपला सारा व्यवहार आंतल्या आंत गुप्त ठेवला. हार्वेलचें यंत्र मात्र आपल्यासारखेंच दशमान पद्धतीनें, आणि उघड्या दारानें गणित करीत असे.

एप्रिल १९५१ मध्यें तें चालूं लागलें आणि मे १९५२ मध्यें गणित-विभागाच्या ताब्यांत आलें. दोन संख्यांचा गुणाकार करावयास त्याला पांच ते दहा सेकंद लागत. तेवढ्या वेळांत वाकबगार माणूस हातयंत्रावर तोच गुणाकार उरकूं शके. बार्ट फॉसी नांवाचे तेथील एक निष्णात गणक एकदां खरोखरीच आपलें हातयंत्र घेऊन त्याच्या शेजारीं बसले आणि त्यांनीं शर्यत लावली. अर्धा तास दोघे बरोबरीनें चालले होते. मग फॉसी दमून उठले. यंत्र आपलें चालतच राहिलें. विभागप्रमुख जॅक हाउलेट यांनीं ही हकीकत लिहून ठेविली आहे, आणि तिच्या जोडीला दुसरीहि. एकदां नाताळ व नववर्ष यांच्या सुटींत लांबलचक कागदी पट्ट्या लावून यंत्र दहा दिवस एकटें सोडून दिलें. मंडळी परत आलीं तेव्हां तें कामांतच होतें. मे १९५२ ते फेब्रुवारी १९५३ या काळांत तें आठवड्याला सरासरी ८० तास राबलें. ससा आणि कांसव यांच्या गोष्टींत कांसवाला निदान सशाच्या झोंपेचा आधार होता. येथें ससा जागाच होता, तरी हरला.

तथापि कांसवाचेहि दिवस संपतात. १९५७ पर्यंत हार्वेलच्या गरजा वाढल्या, शेंकडोपट वेगाचीं यंत्रें मिळूं लागलीं, आणि अडीच टन वजनाच्या या धुडाला तेथें काम उरलें नाहीं. या क्षणीं तें एड्सॅकच्या वाटेनें जावयाचें. परंतु हार्वेलच्या मंडळींना एक निराळी कल्पना सुचली. ऑक्सफर्डच्या गणित-संस्थेच्या मार्फत एक स्पर्धा जाहीर झाली: हें यंत्र आपल्याला मिळाल्यास त्याचा उपयोग आपण कसा करूं, हें जें महाविद्यालय सर्वांत चांगलें सांगेल त्याला तें बक्षीस. वुल्व्हरहॅम्टन अँड स्टॅफर्डशायर टेक्निकल कॉलेजनें तें बक्षीस जिंकलें. तेथें गेल्यावर यंत्राचें नवें नामकरण झालें. नव्या नांवाचीं इंग्रजी आद्याक्षरें जुळवून वाचलीं कीं 'विच्', म्हणजे चेटकीण असा शब्द होई. आणि तेव्हांपासून हेंच नांव रूढ झालें.

येथें त्या मंदपणाचा गुण खरा कळून आला. संशोधकाला उत्तर हवें असतें, विद्यार्थ्याला उत्तराकडे जाणारी वाट हवी असते. क्षणार्धांत लक्ष बेरजा करणाऱ्या यंत्रासमोर विद्यार्थ्याला बसविलें तर त्याला छापलेल्या कागदापलीकडे कांहीं दिसावयाचें नाहीं. चेटकीण मात्र गुणाकार मांडी, आंशिक गुणाकार एकाखालीं एक मिळवी, हातचा पुढें नेई, आणि हें सारें ठिपक्यांच्या चालीनें भिंतभर दिसे. रिलेच्या खटखटाटानें ऐकूंहि येई. शाळेंतील फळ्यावर गुरुजी जितक्या वेळांत उदाहरण सोडवितात, जवळजवळ तितक्याच वेळांत ती सोडवी. या एका यंत्रासमोर १९५७ पासून १९७३ पर्यंत, सोळा वर्षें, विद्यार्थ्यांच्या तुकड्यांमागून तुकड्या बसल्या. १९७३ च्या 'गिनेस' विक्रमग्रंथांत सर्वांत दीर्घायुषी संगणक म्हणून तिची नोंद झाली. ज्या दालनांत तिला जन्म मिळाला तेथें ती जेमतेम सहा वर्षें राहिली; तिचें बहुतेक आयुष्य गेलें तें टाकून दिल्यानंतरचें.

टाकलेलें यंत्र पुन्हां कामाला लावण्याचें हें एक रूप झालें. त्याच वर्षांत मुंबईंत त्याचें दुसरें रूप दिसत होतें, आणि तें इतकें गोड नव्हतें.

मुंबईला संगणक अपरिचित नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण अभियंत्यांनीं स्वतःच्या हातांनीं एक संगणक उभारला होता. फेब्रुवारी १९६० पासून तो कामास लागला. त्यांत २,७०० व्हॉल्व्ह होते आणि २,०४८ शब्दांची स्मरणशक्ति होती. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याला 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. पण टिफ्रॅक तयार होईतों जगांत व्हॉल्व्हचें युग संपून ट्रान्झिस्टरचें सुरू झालें होतें. १९६४ सालीं संस्थेंत अमेरिकेहून 'सीडीसी ३६००' हा बलाढ्य संगणक आला आणि लौकरच टिफ्रॅकची सेवा समाप्त झाली. संशोधनसंस्थेच्या बाहेर, कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून, जो संगणक लोकांच्या परिचयाचा झाला तो मात्र टिफ्रॅकच्या जातीचा नव्हता. तो होता आय.बी.एम. कंपनीचा '१४०१'.

हा १४०१ अमेरिकेंत ऑक्टोबर १९५९ मध्यें जाहीर झाला. पगारपत्रकें, विम्याचे हप्ते, मालाचे हिशेब, असें कचेरीचें काम करण्यासाठीं तो होता, आणि त्याचे दहा हजारांवर नग जगभर गेले. बहुतेक नग विकले जात नसत; गिऱ्हाइकें ते महिनेमहाल भाड्यानें घेत व यंत्राची मालकी कंपनीकडेच राही. १९६४ सालीं कंपनीनें '३६०' ही नवी मालिका काढली, तेव्हां अमेरिकेंतील गिऱ्हाइकें तिकडे वळलीं आणि १४०१ यंत्रें कंपनीच्या दारांत परत येऊं लागलीं. तीं धडधाकट होतीं, परंतु तिकडे त्यांना मागणी नव्हती. हिंदुस्थानांत मागणी होती. तेव्हां परदेशांत वापरून झालेलीं यंत्रें येथें आणावयाचीं, मुंबईच्या कारखान्यांत तीं दुरुस्त करावयाचीं, झिजलेले भाग बदलावयाचे, आणि भारतांतील संस्थांना भाड्यानें द्यावयाचीं, असा क्रम सुरू झाला. रेल्वे, सरकारी खातीं, मोठ्या व्यापारी पेढ्या यांच्या हिशेबांचीं छिद्रें पाडलेलीं कार्डें वर्षानुवर्षें या यंत्रांतून गेलीं.

कारागिरी म्हणून पाहिलें तर मुंबईच्या त्या कारखान्यांत होत होतें तेंच वुल्व्हरहॅम्टनला होत होतें: एकानें टाकलेलें दुसऱ्याच्या उपयोगाला येत होतें. फरक व्यवहाराचा होता. ज्या यंत्राची किंमत कंपनीला एकदां वसूल झालेली, त्याचें भाडें येथें पुन्हां मोजावें लागे. जग पुढच्या पिढीच्या यंत्रांवर काम करीत असतांना येथील माणसांना मागच्या पिढीचें यंत्र मिळे. संसदेच्या लोकलेखा समितीनें १९७५-७६ सालीं सरकारी खात्यांतील संगणकांचा विषय हातीं घेतला, तेव्हां या पद्धतीवर कडक शब्दांत टीका केली. पुढें १९७३ च्या परकी चलन नियमन कायद्याखालीं परदेशी भागभांडवल शेंकडा ४० वर आणण्याची अट कंपनीला मान्य झाली नाहीं, आणि १९७८ सालीं तिनें भारतांतून आपला कारभार गुंडाळला.

आतां पंचाईत झाली ती गिऱ्हाइकांची. यंत्रें होतीं, सांभाळणारा गेला. सरकारनें काढलेल्या कंप्यूटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनवर, म्हणजे 'सी.एम.सी.'वर, त्यांच्या देखभालीचा भार पडला. ज्यांचा कर्ता देश सोडून गेला आहे अशीं यंत्रें चालतीं ठेवणें, हें या मंडळींचें रोजचें काम झालें. त्यांतून भारतीय अभियंत्यांची एक पिढी तयार झाली, हें खरें. जुन्या १४०१ यंत्रांवर येथील अनेक माणसांनीं संगणकाचे पहिले धडे घेतले, हेंहि खरें. पुनरुज्जीवन हा शब्द कानीं पडतांच पुण्यकृत्याचा भास होतो. त्यांत पुण्य किती आणि व्यापार किती, हें पाहावयाचें तर नवजीवन मिळालेल्या यंत्राची मालकी कोणाकडे राहिली आणि त्याचें अंतरंग उघडून पाहण्याची मुभा कोणाला मिळाली, एवढें विचारलें कीं पुरे. चेटकिणीचें दार विद्यार्थ्यांना उघडें होतें. १४०१ ची किल्ली १९७८ पर्यंत कंपनीच्या खिशांत होती.

गंमत अशी, कीं याच १४०१ जातीचीं दोन यंत्रें पुढें कॅलिफोर्नियांतील माउंटन व्ह्यू येथल्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयांत मानानें जाऊन बसलीं. एक जर्मनींतील हाम गांवाहून आलें, दुसरें कनेक्टिकट संस्थानांतील एका घराच्या तळघरांतून. २००४ सालापासून निवृत्त अभियंत्यांनीं, ज्यांनीं तारुण्यांत हींच यंत्रें दुरुस्त करीत गांवोगांव भ्रमण केलें होतें त्यांनीं, पुन्हां हत्यारें हातीं घेऊन तीं चालतीं केलीं.

या कामांत किती चिकाटी लागते, याची कल्पना दुसऱ्या एका यंत्रावरून येईल. चंद्रावर माणसें नेणाऱ्या 'अपोलो' यानांत बसविण्यासाठीं जे संगणक केले, त्यांपैकीं जमिनीवरील परीक्षेंत वापरलेला एक नग १९७६ सालीं 'नासा'च्या दोन टन भंगाराबरोबर एका गृहस्थांच्या हातीं आला. चार दशकांनंतर, २०१८-१९ मध्यें, माइक स्ट्युअर्ट, कार्ल क्लॉन्च, मार्क व्हर्डिएल व केन शिरिफ यांनीं तो पुन्हां चालविला. हजारों जोडण्यांची तपासणी झाली. आणि स्मृतीच्या ज्या ठोकळ्यांत राळेसारखें द्रव्य ओतून तो कायमचा बंद केलेला होता, त्याच्या आंत एक तार तुटलेली निघाली. ठोकळा फोडला तर स्मृति गेली, न फोडला तर संगणक मुका. शेवटीं क्ष-किरणांनीं तुटीची जागा हेरून, तेवढाच भाग कोरून ती सांधली. हें शक्य झालें, कारण अपोलोचे आराखडे सरकारी दप्तरांत जपून ठेवलेले होते. केवळ वस्तु असून भागत नाहीं. ती कशी चालते हें सांगणारा कागद किंवा माणूसहि हवा. एड्सॅकच्या बाबतींत वस्तु गेली आणि कागदहि विखुरले. चेटकिणीच्या बाबतींत वस्तु होती, कागद होते, आणि सुदैवानें माणसेंहि हयात होतीं. पण यांची गांठ पडेल असें बराच काळ दिसत नव्हतें.

१९७३ सालीं कॉलेजनें निरोप दिल्यावर चेटकीण बर्मिंगहॅमच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयांत गेली आणि तेथें लोकांना पाहावयास उभी राहिली. १९९७ सालीं तें संग्रहालयच बंद झालें. मग तिचे सांगाडे सुटे करून बर्मिंगहॅमच्या वस्तुसंग्रहाच्या कोठारांत ठेवण्यांत आले. कोठारांतील वस्तु सुरक्षित असते, पण जिवंत नसते. कोणी विचारपूस केली नाहीं तर यादींतला क्रमांक एवढीच तिची ओळख उरते. भारताशीं नातें सांगणारी एक वस्तूहि त्याच कोठारांत होती. १९५५ सालीं कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत 'हेक-२एम' हें यंत्र बसलें, तो भारतांतील पहिला विद्युत् संगणक. त्या घराण्याचें मूळपुरुष म्हणावें असें पहिलें 'हेक' यंत्र तेथें पडून होतें.

२००८ सालीं ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक-संग्रहालयाचे एक विश्वस्त केव्हिन मरेल हे या कोठारांतील सामानाचीं छायाचित्रें पाहात होते. त्यांतल्या एका चित्रांत त्यांना एका यंत्राची कळपाटी दिसली. लहानपणीं बर्मिंगहॅमच्या संग्रहालयांत पाहिलेल्या यंत्राचा तो चेहरा त्यांनीं ओळखला. जें यंत्र हरवलें, मोडलें गेलें असा समज होता, तें पुन्हां सांपडलें तें असें. एखाद्या पोरानें संग्रहालयांत कांचेला नाक लावून उभें राहावें, याचा उपयोग पुढें कोठें होईल हें कोणी सांगावें!

सप्टेंबर २००९ मध्यें सांगाडे ब्लेचली पार्कला आले आणि डेल्विन हॉलरॉईड यांच्या देखरेखीखालीं संगणक-संरक्षण संस्थेच्या स्वयंसेवकांनीं कामास हात घातला. असें जुनें यंत्र दाराशीं येतांच कळ दाबून चालत नाहीं. विजेचा सांठा करणारे जुने भाग कोरडे पडलेले असतात. एकदम पूर्ण दाब दिला तर एका क्षणांत त्यांची व त्यांच्या शेजाऱ्यांची राख होते. म्हणून ते हळूहळू वीज देऊन तपासावे लागतात. रिलेच्या टोकांवर मळ बसतो. डेकॅट्रॉन वर्षानुवर्षें निजून राहिला म्हणजे त्याचा ठिपका एखाद्या घरावर अडून बसतो, आणि चालण्याची संवय पुन्हां लागेपर्यंत त्याला फिरवीत ठेवावें लागतें. यांहून कठीण प्रश्न हातांचा नव्हे, विवेकाचा. बिघडलेला भाग काढून नवा घातला तर यंत्र लौकर चालेल. पण प्रत्येक नव्या भागाबरोबर इतिहासाचा एक साक्षीदार कमी होतो. सर्वच भाग बदलले तर समोर उभी राहील ती प्रतिकृति. उलट कांहींच बदलावयाचें नाहीं म्हटलें, तर उरेल तें शव. ब्लेचली पार्कच्या मंडळींनीं शक्य तितके मूळ भाग राखून, अगदीं अटळ तेवढीच दुरुस्ती करण्याचा मार्ग धरला आणि त्यासाठीं तीन वर्षें दिलीं. यंत्र घाईनें चालवून दाखविण्याच्या मोहाला ते बळी पडले नाहींत, हें त्यांचें मोठेपण मानलें पाहिजे. कारण हातीं वेळ बेताचा होता. यंत्राला आणखी वीस वर्षें थांबतां आलें असतें, त्याच्या कर्त्यांना नव्हतें.

२० नोव्हेंबर २०१२ रोजीं चेटकीण पुन्हां गणित करूं लागली. जन्मानंतर एकसष्ट वर्षांनीं, मूळच्याच देहानें काम करणारा जगांतील सर्वांत जुना संगणक म्हणून तिला मान मिळाला. समारंभास मूळ रचनाकारांपैकीं दोघे हजर होते; तिच्यावर आरंभीं काम केलेले एक गणकहि होते. तेव्हांपासून ती ब्लेचली पार्क येथें लोकांसमोर चालविली जाते. शाळेंतील मुलें तिच्यापुढें उभीं राहतात आणि बोट दाखवून मोजतात: कागदी पट्टी एक घर सरकते, रिले खटखट वाजतात, आणि एका नळींतला ठिपका नऊवरून शून्यावर येतांच शेजारच्या नळींतला ठिपका एक घर पुढें जातो.